शाळेच्या बसचे गणित आणि मुलांची झोप

मूल सकाळी उठत नाही, वर्गात पेंगते, चिडचिड करते, म्हणून पालक टॉनिक मागतात. टॉनिक लिहिण्याआधी मी विचारतो, "शाळेची बस किती वाजता येते?"

हिशेब करून पाहा. शाळा सातची, बस सहाला, म्हणजे उठायचे सव्वापाचला. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. म्हणजे दहावीच्या मुलाने निदान सव्वानऊला झोपायला हवे. पण किशोरवयात झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. मोबाइल काढून घेतला तरी अनेकांना इतक्या लवकर झोप येत नाही. हा आळस नव्हे.

मग शाळा उशिरा का भरवत नाहीत?

कारण एकच बस दोन-तीन फेऱ्या करते. सगळ्या शाळा एकाच वेळी भरल्या तर बस जास्त लागतील आणि फी वाढेल. कोरेगावहून साताऱ्याला, तासगावहून सांगलीला येणाऱ्या मुलांसाठी वाटेतले थांबे वाढवले, तर पहिल्या मुलाचा बसमधला वेळ वाढतो. एक बाजू सावरली की दुसरी ढळते.

असे प्रश्न संगणकाने सोडवता येतात. अमेरिकेतील बोस्टन शहरात २०१७ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी मार्ग नव्याने आखून सुमारे ५० बस कमी केल्या. पुढे त्यांनी शाळांच्या वेळाही बसवल्या. मोठ्यांच्या शाळा उशिरा गेल्या, पण अनेक लहानग्यांच्या शाळा फार लवकर आल्या. पालक संतापले आणि योजना मागे घ्यावी लागली. बस, पैसा, झोप यांपैकी कशाला किती वजन द्यायचे, हे गणित ठरवत नाही. ते माणसांनीच ठरवायचे असते.

आपल्या शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला. तो योग्यच आहे. पण तो चौथीवर थांबतो. ज्यांचे शरीरच उशिरा झोपते, ती आठवी-दहावीची मुले त्यात नाहीत.

माझे मत स्पष्ट आहे. झोप ही तडजोडीची बाब नाही, ती अट असावी. पैसे वाचतात म्हणून आपण बसचे ब्रेक काढत नाही, तसेच हे. आधी झोपेचे तास राखा, मग उरलेल्यात काटकसर करा.

पुढच्या पालक सभेत एवढे विचारा:

- पहिल्या थांब्यावर बस किती वाजता येते?
- सर्वांत लांबच्या मुलाचा प्रवास किती मिनिटांचा?
- शेजारच्या दोन शाळांना बस मिळून वापरता येईल का?
- मोठ्यांचे वर्ग दुपारच्या सत्रात घेता येतील का?

पुरेशी झोप होऊनही मूल पेंगत असेल, घोरत असेल किंवा फिकट दिसत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. टॉन्सिल, अ‍ॅडिनॉइड किंवा रक्तक्षय तपासून घ्यायला हवा.