नकार देण्याचें बळ

भिगवणच्या बाहेर पुणें-सोलापूर हमरस्त्याच्या कडेनें पहांटें धांवणारीं मुलें पाहिलीं म्हणजे समाधान वाटतें. कोणास पोलीस भरतीस जावयाचें असतें, कोणास सैन्यांत, कोणास कुस्तीच्या फडावर. पण याच मुलांपुढें कोणी हळूच एखादी सुई आणून ठेवील, ही भीति आतां काल्पनिक राहिलेली नाहीं. रक्तदाब खालावलेल्या रुग्णास द्यावयाचें मेफेंटरमाइन व्यायामशाळांतील तरुणांस विकणारे लोक पुणें जिल्ह्यांत पकडले गेले आहेत. त्यानें थकवा जाणवेनासा होतो इतकेंच. हृदयावरील भार मात्र वाढतो.

शिक्षेच्या धाकानें हें थांबेल काय? सन २०१६ मध्यें, तीन वेळां महाराष्ट्र केसरी झालेले मल्ल नरसिंग यादव यांच्या तपासणींत मेथॅन्डिएनोन सांपडलें. आपल्याविरुद्ध कट झाला, असें त्यांचें म्हणणें होतें. क्रीडा लवाद न्यायालयानें तें मानलें नाहीं व १८ ऑगस्ट रोजीं चार वर्षांची बंदी घातली. रिओची कुस्ती हुकली. ही हकीकत घरोघर ठाऊक आहे, तरी सुया खपतातच. शिवाय गांवच्या जत्रेंतील फडावर तपासणारा येतो कोठें?

मानसशास्त्रज्ञांनीं प्रश्न उलटा विचारला: मोह सर्वांस होतो, मग कांहीं खेळाडू नकार कसा देतात? अल्बर्ट बँड्युरा यांनीं दाखविलें कीं, मनुष्य दुष्कृत्यापूर्वीं सदसद्विवेकास निजवितो. कृत्यास गोंडस नांव देतो, 'सगळेच करितात' म्हणतो, जबाबदारी वस्तादावर ढकलतो. पुढें इंग्लंड व इटलींतील संशोधकांस खेळाडूंतही हेंच आढळलें. ज्यांस अशा सबबी पटत नाहींत, मनाची टोंचणी आधींच जाणवते, आणि दबावांतही स्वतःस आवरूं अशी खात्री असते, त्यांचा ओढा औषधांकडे कमी. जेथें कालच्यापेक्षां आज किती सुधारणा झाली हें पाहतात, तेथेंही मोह कमी; जेथें दुसऱ्यास मागें टाकणें हीच प्रतिष्ठा, तेथें अधिक. हे निष्कर्ष बहुधा प्रश्नावल्यांवरून काढलेले आहेत खरे, पण शिक्षकाच्या अनुभवास ते पटतात.

पालकहो, मुलगा धांवून आला म्हणजे आपण 'कितवा आलास?' हेंच विचारतों. भरतीवर घराचें कर्ज व बहिणीचें लग्न टांगलेलें असतें, हें मी जाणतों. तरी 'या वेळीं नाहीं झालें तरी चालेल' असें ज्या घरांत ऐकूं येतें, त्या घरच्या मुलास नकार देणें सोपें जातें.

आणि विद्यार्थ्यांनो, कोणी 'ताकदीचें' म्हणून बाटली हातीं दिली, तर तिच्यावरील नांव घरीं आईपुढें मोठ्यानें वाचतां येईल काय, तें आधीं पाहा.