जाणत्या संमतीचा हक्क

रिद्धपूरचे नाव मराठी वाचकाला परके नाही. म्हाइंभटाने लीळाचरित्राची जुळवणी येथेच केली आणि धवळे रचणारी महदाइसाही येथेच वावरली. शंका विचारण्यात ही स्त्री कधी मागे राहिली नाही, अशी तिची ख्याती आहे. आज त्याच गावची एखादी स्त्री आरोग्य शिबिरात स्तनांच्या तपासणीसाठी रांगेत उभी राहते, तेव्हा तिला किती प्रश्न विचारता येतात? नाव सांगा, येथे सही करा, आत जा. बहुधा एवढ्यावरच संवाद संपतो.

तपासणी नकोच, असे म्हणण्याचा हेतू नाही. तीस ते पासष्ट वर्षे वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हातांनी स्तनतपासणी व्हावी, असे धोरण केंद्र शासनाने २०१६ साली आखले. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या ज्या स्त्रियांची अशी तपासणी एकदा तरी झाली होती, त्यांचे देशातील प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आढळले. तेव्हा तपासणी वाढली पाहिजे हे उघड आहे. प्रश्न आहे तो ती कशी वाढवावयाची याचा.

या बाबतीत जगाने दखल घ्यावी असा प्रयोग आपल्याच राज्यात झाला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये दीड लाखाहून अधिक स्त्रियांची वस्तीवार दोन गटांत विभागणी केली. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने तपासणी केली. दुसऱ्या गटास कर्करोगाविषयी केवळ माहिती दिली. डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. तपासलेल्या गटात रोग पुढच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण शेकडा ४७ वरून ३७ वर आले. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरती उतरली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती शेकडा सुमारे तीस दिसली. पण हे वयोगटाचे पृथक्करण मागाहून केलेले होते. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत लक्षणीय घट आढळली नाही.

आता हे 'शेकडा तीस' नीट पारखून घेऊ. पन्नाशीपुढील एक लाख स्त्रियांमागे वर्षाला जे सुमारे ३५ मृत्यू झाले असते, ते सुमारे २५ झाले. म्हणजे लाखामागे दहा जीव वाचले. दोन्ही विधाने एकाच सत्याची आहेत. पहिले ऐकून स्त्री धावत येईल, दुसरे ऐकून विचार करील. दहा जीव ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण शिबिराच्या फलकावर पहिलाच आकडा लिहिणे आणि दुसरा गाळणे हा प्रामाणिक व्यवहार नव्हे.

क्ष-किरणांच्या तपासणीबाबत, म्हणजे मॅमोग्राफीबाबत, ब्रिटनला हाच धडा मिळाला. सर मायकेल मार्मट यांच्या समितीने २०१२ मध्ये हिशेब मांडला : पन्नाशीपासून वीस वर्षे दहा हजार स्त्रियांना तपासणीस बोलावले, तर ४३ मृत्यू टळतात, पण १२९ स्त्रियांना, जो रोग त्यांच्या हयातीत कधी त्रास देता ना, त्यासाठी उपचार सोसावे लागतात. त्यानंतर तेथील माहितीपत्रकात लाभाबरोबर हानीही छापली जाऊ लागली. हे आकडे हाताने केलेल्या तपासणीस लागू करता येणार नाहीत. दोन्ही बाजू सांगण्याची रीत मात्र उचलण्याजोगी आहे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले. सेवा फुकट मिळाली म्हणून ही विषमता मिटत नाही. मुंबईच्या त्याच प्रयोगात गर्भाशयमुखाचीही तपासणी झाली होती. ज्यांची तपासणी झाली नाही त्या स्त्रियांना पर्यायांची पुरेशी माहिती दिली होती काय, यावर २०१३-१४ मध्ये वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांत तीव्र वाद झाला. नामांकित संस्थेच्या कामातही हा प्रश्न उद्भवतो, तर गावोगावच्या शिबिरांत तो उद्भवणारच नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल.

म्हणून शासनाने आशा सेविकांच्या हाती वऱ्हाडी बोलीत वाचून दाखविता येईल असे एक पान द्यावे. तपासणीने काय मिळते, किती जणींना मिळते, खोटी धास्ती कशी उद्भवू शकते, गाठ लागली तर पुढे कोठे जावयाचे आणि त्याचा खर्च कोण सोसणार, एवढे त्यात असावे. शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. कापूस वेचणीच्या दिवसांत रोजी बुडवून अमरावतीस वा नागपुरास खेपा घालणाऱ्या स्त्रीला पुढील उपचाराची हमी नसेल, तर तपासणी म्हणजे केवळ भीतीचे वाटप होय.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करावयास हवी. हा सारा विचार निरोगी स्त्रीच्या तपासणीचा आहे. जिच्या हाताला गाठ लागली आहे, तिने क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. इतर स्त्रियांना 'हो' म्हणण्याचा हक्क आहे, तसाच विचारण्याचा व 'नाही' म्हणण्याचाही आहे. महदाइसेला प्रश्न विचारू देणारी ही भूमी आहे. तिच्या लेकींना निदान एवढी उत्तरे मिळावयास हवीत.