जपानी ‘जाऊन येतो’ सोपं, पण नोकरीची परीक्षा वेगळी

किन्हीराजा (ता. मालेगाव) : सोयाबीन-तुरीच्या या पट्ट्यात बारावी झालेलं पोरगं एक तर पोलीस भरतीसाठी पळते, नाहीतर पुण्याला कंपनीत जाते. आता मोबाईलवर तिसरी वाट दिसू लागली आहे, ती म्हणजे जपान. ‘कोन्निचिवा’, ‘अरिगातो’ शिका अन् लाखाचा पगार घ्या, अशा जाहिराती फिरत आहेत. त्यात खरं किती?

मागणी खरी आहे. जपानमध्ये शंभरातले 29 लोक पासष्टीच्या वरचे. कामाला माणसं नाहीत. त्यामुळे 2019 पासून त्यांनी ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा व्हिसा सुरू केला. जानेवारी 2021 मध्ये भारताने त्यासाठी करार केला. ऑगस्ट 2025 मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत 50 हजार कुशल भारतीय जपानला जावेत असं ठरवलं. यात वृद्धांची सेवा, बांधकाम, हॉटेल अन् चक्क शेतीसुद्धा आहे.

भाषाही वाटते तितकी परकी नाही. इंग्रजीत अडखळणाऱ्या आपल्या पोराला जपानी वाक्य लवकर जमू शकते, कारण क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येते. ‘वाताशी वा पान ओ ताबेमास’ म्हणजे ‘मी पाव खातो’. (त्यांचा ‘पान’ अन् आपला ‘पाव’, दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले.) त्यांची अक्षरं अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होतात आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे गेला, म्हणून बाराखडी पाठ असलेल्याला तो ओळखीचा वाटतो.

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जपानी माणूस ‘इत्तेकिमास’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘जाऊन येतो’. घरचे म्हणतात ‘इत्तेराश्शाई’, जाऊन ये. परत आल्यावर ‘तादाइमा’, आलो. जेवणाआधी ‘इतादाकिमास’. कोणाला हाक मारायची, वाट विचारायची, चूक झाली तर ‘सुमिमासेन’. नावामागे ‘सान’ लावायचं, पण स्वतःच्या नावाला कधीच नाही. स्वर ओढण्याकडे लक्ष हवं. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. वृद्धाश्रमात काम करायचं तर हा फरक महागात पडू शकतो.

घोळ पुढे आहे. एवढ्या वाक्यांवर व्हिसा मिळत नाही. जेएलपीटी परीक्षेची एन-4 पातळी किंवा जेएफटी-बेसिक पास व्हावी लागते, शिवाय त्या कामाची कौशल्य परीक्षा वेगळी. वृद्धसेवेसाठी त्या कामाच्या भाषेची आणखी एक. हिरागाना-काताकाना ही दोन लिप्यांची 46-46 मूळ अक्षरं महिनाभरात येतात, पण एन-4 साठी साधारण 300 कांजी म्हणजे चित्राक्षरं लागतात. 45 दिवसांत हे होत नाही. रोज बसून वर्षभर तरी धरावं. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्येच होते, हुकली की सहा महिने गेले.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत लहान अक्षरातही नसते. पहिल्या प्रकारच्या या व्हिसावर एकूण पाचच वर्षं राहता येते आणि बायको-लेकरांना सोबत नेता येत नाही.

पैशाचं तर आधी पाहा. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येते. तो नोंदणीकृत आहे का, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसते. अनामत रक्कम किंवा ‘मध्येच सोडलं तर दंड’ असा करार जपानच्या नियमातही बसत नाही. असं असताना वावर गहाण ठेवून लाखो रुपये भरायला सांगणारा क्लास कशाचे पैसे घेतो, हे बापानं विचारलं पाहिजे, अन् पावती मागितली पाहिजे.

सुरुवात तर फुकटात होते. एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे हिंदीत आहेत, जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ पुस्तक आवाजासकट मोफत उतरवता येते. दोन महिने घरीच बसून पाहावं. अक्षरं लिहिता आली अन् गोडी टिकली, तर मग पुण्यासारख्या ठिकाणी क्लासचा विचार करावा. पासपोर्टचा अर्ज तोवर टाकून ठेवायला हरकत नाही.