पोटातला स्वयंचलित दरवाजा

पावसाळ्यात राधानगरी धरण भरले की त्याचे ७ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडू लागतात आणि भोगावतीकाठची गावे सावध होतात. असाच दाबाबरोबर उघडणारा दरवाजा प्रत्येकाच्या पोटातही असतो. तो उघडतो एका वायूमुळे. हा वायू जिथे तयारच होत नाही, तिथे नवजात बाळाच्या जिवावर बेतते.

‘पोटात गॅस धरला’ असे आपण म्हणतो, तो हा वायू नव्हे. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे जाळे असते. मागून अन्न किंवा मळ पुढे सरकला की या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. काही सेकंदच टिकणारा हा वायू शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, तिथले कॅल्शियम घटते आणि आवळलेला स्नायू सैल पडतो. रक्तवाहिन्यांतील याच वायूच्या संशोधनासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८चे नोबेल मिळाले. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे एरवी विषारी वायूही शरीर अत्यल्प प्रमाणात बनवते. प्रयोगांत त्यांनीही आतड्याचे स्नायू सैल झाल्याचे दिसले आहे.

सुमारे ५,००० बाळांत एकाच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात या चेतापेशी जन्मतःच नसतात. याला हिर्शस्प्रुंगचा आजार म्हणतात. तेवढा भाग कायम आवळलेला राहतो, मागचे आतडे फुगत जाते. पहिली काळी शी लांबते, पोट ताणते, हिरवी उलटी होते. आतड्याला जंतुसंसर्ग झाला तर बाळ दगावू शकते. सदोष भाग काढण्याची शस्त्रक्रिया हाच त्यावर उपाय.

पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ बहुधा २४ तासांत आणि जवळजवळ नेहमीच ४८ तासांत पहिली शी करते. ती झाली नाही की घरात विड्याच्या पानाचा देठ, साबणाची कांडी, एरंडेल किंवा गुटी पुढे येते. देठाने कधी शी होतेही, घरचे निश्चिंत होतात आणि निदान मात्र लांबते. पुढे केवळ अंगावर पिणारे बाळ चार-पाच दिवस शी न करता खेळते, ते वेगळे. प्रश्न पहिल्या शीचा आहे.

प्रसूतीनंतर घाईने घरी जाण्याची रीत म्हणूनच घातक आहे. नैसर्गिक प्रसूतीनंतर सरकारी रुग्णालयात तीन दिवसांपर्यंत आहार मोफत मिळतो. त्याचा लाभ घ्यावा. पहिल्या शीची वेळ घरी सोडतानाच्या कार्डावर लिहिली जावी. आशाताईंची पहिली गृहभेट तिसऱ्या दिवशी असते. तिथे हा प्रश्न आधी विचारला जावा. उत्तर ‘नाही’ आले, तर बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवरून कोल्हापूर दूर आहे, पावसात आणखी दूर. धरणाच्या दरवाजांवर डोळ्यांत तेल घालून पहारा होतो. बाळाच्या पहिल्या ४८ तासांवरही तसाच व्हायला हवा.