बिघाड शोधायची मजुरी



जुन्या गाड्यांचे फोटो आपण सगळेच हौसेने टाकतो. आज फोटो नाही, एक मत मांडतो. पटलं नाही तर खुशाल भांडा. जुन्या गाड्या भंगारात जातात त्याला गंज आणि सरकारी नियम कारणीभूत आहेतच, पण आपला एक स्वभावही तेवढाच कारणीभूत आहे. आपण पार्टचे पैसे देतो, बिघाड शोधायचे देत नाही.

आमचं गाव निपाणी, तंबाखूची पेठ. वखारवाल्यांच्या दारात एक तर अॅम्बेसेडर, नाहीतर फियाट. आधी ती डुक्कर फियाट, मग १९६४ पासून डिलाइट, १९७४ पासून पद्मिनी. सगळ्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या, म्हणजे आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीच्या. आमच्या थोरल्या बंधूंनी १९७८ साली पद्मिनी घेतली. नंबर कर्नाटकचा, पार्ट कोल्हापूरचे, आणि पेट्रोल जिथं स्वस्त तिथलं!

दादा गेल्यावर गाडी पुतण्याकडे आली. मागच्या वर्षी तिनं त्रास द्यायला सुरुवात केली. स्टार्टर जेमतेम अर्धा फिरून थांबायचा आणि चोकची तार हात लावू देईना इतकी तापायची. एका गॅरेजमध्ये दाखवली. नवी बॅटरी घातली, फरक नाही. स्टार्टर बदलला, तरी तेच. शेवटी सगळं वायरिंग काढून नवीन टाकायचा पन्नास हजारांवरचा अंदाज हातात दिला. पुतण्या म्हणाला, "काका, आता भंगारवाल्याला देऊन टाकू या." वहिनी काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या.

मी आमच्या जुन्या माहितीतल्या मिस्त्रींना बोलावलं. वयाने माझ्याच बरोबरीचे, गाड्यांच्या वायरिंगमध्ये हयात गेलेली. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "साहेब, चोकची तार एरवी बी तापते, का स्टार्टर मारतानाच?"

"स्टार्टर मारतानाच."

"मग झालं की!"

त्यांनी एक जाड केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला लावून धरली आणि म्हणाले, "मारा आता." इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं.

कारण सोपं होतं. बॅटरीतून निघालेली वीज काम करून परत बॅटरीकडे यावी लागते. जायला वायर असते, यायला गाडीचा पत्राच. त्यालाच अर्थ म्हणतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ते बॉडीला जोडायला तांब्याची एक विणलेली पट्टी असते. ती गंजून तुटली होती. स्टार्टरला लागणाऱ्या एवढ्या मोठ्या करंटला परतीचा रस्ता उरला नाही, म्हणून तो चोकच्या तारेतून वाट काढत होता. बॅटरी आणि स्टार्टर दोघेही निर्दोष!

मिस्त्रींनी नवी पट्टी टाकली, बोल्टाखालचा रंग-गंज घासून काढला आणि तीनशे रुपये सांगितले. पुतण्या मला हळूच म्हणतो, "दहा मिनिटांच्या कामाला तीनशे?" याच पुतण्यानं बॅटरीचे सहा हजार निमूट मोजले होते.

मंडळी, माझा मुद्दा इथंच आहे. बँकेत हातानं लेजर लिहायच्या काळात बॅलन्स जुळला नाही की आम्ही आधी फरकाची रक्कम बघायचो. तिला ९ ने भाग गेला तर आकडे उलटे पडल्याचा संशय, म्हणजे ५४ चे ४५. फरकाच्या निम्मी रक्कम कुठं दिसली तर जमेची नोंद नावे पडल्याचा संशय. कुठं शोधायचं ते फरकच सांगायचा. बॅलन्स जुळत नाही म्हणून कुणी नवं लेजर आणत नसे.

गाडीचंही तसंच आहे. रात्रीत बॅटरी उतरते? सगळं बंद करून निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि मध्ये १२ व्होल्टचा बल्ब लावा. बल्ब पेटला तर कुठंतरी वीज गळतेय. एकेक फ्यूज काढत चला. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या लाइनीत दोष. एकाही फ्यूजला विझला नाही तर डायनॅमोचा कटआउट बघा, कारण जुन्या गाड्यांत सगळ्या लाइनी फ्यूजमधून जात नाहीत. एकच हेडलाइट मंद आहे? त्याची अर्थची वायर आधी घासा. इंजिनला जरा रेस दिल्यावर बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दिसले तर चार्जिंगला दोष देऊ नका. आजऱ्यावरून आंबोलीला जाताना पावसात गाडी बंद पडली तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून कोरड्या फडक्यानं पुसा.

एक गोष्ट मात्र करू नका. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची, हा उद्योग आमच्या भागात फार चालायचा. फ्यूज मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, आधी तो जळावा म्हणून. चांदी गुंडाळली की डॅशबोर्डामागची वायर जळते, आणि मग गाडी.

गॅरेजवाल्यांची बाजूही मला कळते. दोन तास शोधून "पट्टी तुटली होती" असं सांगितलं तर गिऱ्हाईक शंभराची नोट पुढं करतं. नवीन पार्टचं बिल दिलं तर मुकाट्यानं भरतं. मग तो शोधत कशाला बसेल? आमच्या मिस्त्रींच्या मुलानं हे काम शिकलंच नाही. तो मोबाइलचं दुकान चालवतो. डॉक्टरला आपण तपासायची फी देतो की नाही? औषध लिहून दिलं नाही तरी देतो. मग मिस्त्रीनं काय घोडं मारलंय?

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. आमच्या पद्मिनीला तिथवर जायला थोडीच वर्षं राहिलीत. अशा कितीतरी गाड्या अजून सीमाभागात शेडमध्ये उभ्या असतील. नोंदणीची फी आपण भरू, पण त्या चालत्या ठेवणारा माणूस उरणार आहे का?

म्हणून सांगणं एवढंच. गाडी दाखवायला नेली की आधी सांगा, "काय झालंय ते शोधा, शोधायचे वेगळे पैसे देतो." आणि ते देताना घासाघीस करू नका. जमलं तर घरातल्या नातवाला तासभर शेजारी उभं करा.

तुमच्या गावात असा शोधून काढणारा मिस्त्री कोण होता, किंवा अजून आहे, ते खाली जरूर लिहा.