नाव दुर्मीळ हवं, म्हणजे नक्की काय हवं?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त बारशाचं.

गेल्या आठवड्यात अमेरिकेतून भाचेसुनेचा फोन आला. "आत्या, तुम्ही मराठीच्या बाई. 'निसीम' हे नाव कसं वाटतं? एकदम रेअर आहे, हिब्रू आहे. आमच्या ओळखीत एकाचंही नाही." पाठोपाठ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या भावोजींचा निकाल आला (भावोजी, वाचताय ना?), "हिब्रू कसलं? शुद्ध संस्कृत! निःसीम. आपलंच तिकडे गेलेलं." लगेच सगळ्यांनी अंगठे वर केले.

मी तिथे काही लिहिलं नाही. ग्रुपवरचा वाद संध्याकाळपर्यंत वाहून जातो आणि सकाळी त्यावर 'सुप्रभात'चं फूल पडतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझ्या मते भाचेसूनही चुकते आहे आणि भावोजीही. आणि याच नावाच्या बाबतीत मी स्वतः दोघांपेक्षा मोठी चूक केलेली आहे. ती शेवटी सांगते.

आधी भावोजी. पदवीपर्यंत मराठीच शिकले, तेव्हा फोड करून दाखवायला हरकत नाही. आपला निःसीम म्हणजे निस् अधिक सीमा, ज्याला सीमा नाही असा. निस्सीम भक्त म्हणतो तो हाच. हिब्रू शब्दाची फोड वेगळ्याच जागी होते. तिथे मूळ शब्द 'नेस', म्हणजे चमत्कार, आणि 'ईम' हा पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय. नेसचं अनेकवचन निसीम, म्हणजे 'चमत्कार' (अनेक). दुसरा स आपल्याकडे सीमेचा आहे, त्यांच्याकडे नेसचा. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. फारसीतला 'बद' आणि इंग्रजीतला 'बॅड' यांचा अर्थसुद्धा एक आहे, तरी भाषेचे अभ्यासक त्यांना एका मुळाचे मानत नाहीत.

नातं शोधायचंच असेल तर खरं शोधावं. हिब्रू ही अरबीची बहीण. हिब्रूत 'रहमीम' असंही मुलाचं नाव आहे, अर्थ करुणा. आपण 'रहम कर' म्हणतो किंवा रहीम हे नाव घेतो, ते याच धातूच्या अरबी शाखेतून आलेलं. हाईम (जीवन), रहमीम, निसीम ही तिन्ही नावं रूपाने अनेकवचनी आहेत. मला हे फार आवडतं. मूल एक, पण नावात अनेकवचन.

'नेस'चा प्रवासही पाहण्यासारखा आहे. बायबलच्या जुन्या भागात त्याचा अर्थ निशाण, किंवा उंच धरलेला खांब. वाळवंटात साप डसलेल्या लोकांसाठी मोशे पितळेचा साप करून उंचावर लावतो, तो 'नेस'वरच. इस्राएलमध्ये नेस त्सियोना नावाचं गाव आहे, त्यातही तोच निशाणाचा अर्थ. दुरून दिसणारी खूण ती पुढे देवाची खूण झाली आणि मग चमत्कार. हनुक्का आणि पुरिम या सणांत जी खास प्रार्थना म्हणतात, तिचं नावच 'अल हनिसीम', म्हणजे चमत्कारांबद्दल. तर भावोजी, एवढा हजारो वर्षांचा संसार असलेला शब्द एका विसर्गाने आपला होत नाही.

आता भाचेसूनबाई. रागावू नकोस. 'रेअर' हा तुझा शब्द मला खटकला. रेअर, पण कोणाला?

अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याकडे १८८० सालापासूनच्या बाळांची नावं आहेत आणि वर्षात पाचपेक्षा कमी मुलांना दिलेलं नाव ते छापतच नाहीत. २०१३ ते २०१६ अशी चार वर्षं तिथे मुलांमध्ये पहिला नंबर 'नोआ'चा होता, तेही हिब्रूच. निसीम मात्र पहिल्या हजारातही सापडत नाही. तुझ्या यादीत ते 'रेअर' असणारच. पण इस्तंबूल, सलोनिकी, बगदाद इथल्या ज्यू मोहल्ल्यांत हे आपल्याकडच्या 'वसंत'सारखं घरोघरचं नाव होतं. अकराव्या शतकात ट्युनिशियातल्या कैरुआनला निसीम नावाचे मोठे धर्मपंडित झाले, चौदाव्या शतकात स्पेनमध्ये दुसरे. १४९२ साली स्पेनने ज्यूंना हाकललं, त्यातले पुष्कळजण तुर्कांच्या राज्यात गेले. त्यांच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, तीही आजोबा हयात असताना. युरोपच्या उत्तरेकडल्या ज्यूंमध्ये जिवंत माणसाचं नाव मुलाला देत नाहीत. दक्षिणेकडे मात्र एक निसीम गेला की दुसरा घरात असायचाच.

पॅरिसला याच नावाचं एक संग्रहालय आहे, निसीम द कामोंदो. हे घराणं इस्तंबूलचं, सावकारीचा व्यवसाय. आजोबा निसीम, मुलगा मोइझ, नातू पुन्हा निसीम. हा नातू पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडून लढला आणि १९१७ साली विमानाच्या लढाईत गेला. वडिलांनी आपला वाडा आतल्या सगळ्या वस्तूंसकट देशाला दिला, मागणं हे, की मुलाचं नाव राहू दे. १९३६ साली संग्रहालय उघडलं. पुढच्या दहा वर्षांच्या आत त्या निसीमची बहीण, तिचा नवरा आणि दोन मुलं नाझींच्या छळछावणीत संपली. सलोनिकीचे तर बहुतेक सगळे ज्यू १९४३ साली आगगाडीत भरून ऑश्वित्झला नेले.

म्हणून विचारते, नाव दुर्मीळ का होतं? कधी फॅशन जाते म्हणून. आणि कधी त्या नावाने हाक मारणारी माणसंच उरत नाहीत म्हणून. 'आमच्या ओळखीत एकाचंही नाही' याचा आनंद मानण्याआधी एवढं तरी माहीत असावं.

तुला वाटेल, आत्या फार लांब पोचल्या. तर जवळचं सांगते. मुंबईचे कवी निसीम इझिकेल (१९२४ ते २००४) याच नावाचे. विंचवावरची त्यांची इंग्रजी कविता तुमच्यापैकी पुष्कळांनी अभ्यासाला घेतली असेल. ते आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजातले. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव पाडलं 'शनवार तेली'. आडनावं गावावरून, पेणकर, रोहेकर, किहीमचे केहीमकर. घरात मराठी. सॅम्युएलचा समाजी झाला, एझिकेलचा हसाजी. १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं ते समाजी हसाजी दिवेकरांनी, आणि त्याच्या नावातही 'रहमीम' आहे, 'शार हारहमीम', करुणेचं दार.

इथे भावोजी म्हणतील, बघा, त्यांनी आपला 'जी' घेतला, मग आपण त्यांचा निसीम घेतला तर काय बिघडलं? काहीच बिघडलं नाही. नावं पूर्वीपासून इकडून तिकडे जात आली आहेत. पण त्यांनी 'जी' घेताना समाजी हे मुळात हिब्रूच होतं असा दावा केला नाही. प्रार्थनेतलं नाव वेगळं, गावातलं वेगळं, आणि दोन्ही कुठून आली ते त्यांना ठाऊक होतं. माझा आक्षेप उसनवारीला नाही. मालकाचं नाव खोडण्याला आहे.

आता माझी चूक. १९७४-७५ ची गोष्ट. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली एक शाळा, मी नवी कोरी बी. ए. झालेली बाई, पाचवीचा वर्ग. हजेरीपटात एक नाव होतं 'निसीम'. मला वाटलं, कारकुनाची चूक. मी लाल शाईने विसर्ग दिला, निःसीम, वर फळ्यावर लिहून वर्गाला अर्थही सांगितला. मुलगा गप्प बसला. दोन दिवसांनी त्याचे वडील आले. म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलेला अर्थ चांगलाच आहे. पण आमचा तो नाही. हा जन्मला तेव्हा वाचेल असं कोणी म्हणत नव्हतं. वाचला, म्हणून निसीम."

मी काय म्हणावं? "अहो, पण शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे..." त्यांनी नमस्कार केला आणि गेले.

दुसऱ्या वर्षी ते कुटुंब इस्राएलला निघालं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझाच विसर्ग उतरला होता आणि बाकीच्या कागदांवर साधा निसीम. ते जुळवायला त्या माणसाला अलिबागला तीन खेपा घालाव्या लागल्या, प्रतिज्ञापत्र करावं लागलं. माझ्यापाशी तक्रारीचा एक शब्द नाही. निघताना पेढे देऊन गेले. मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. खरंच सांगते, तेव्हा मला आपण बरोबर आहोत असंच वाटत होतं. व्याकरण माझ्या बाजूला होतं ना!

भारतात एके काळी विसेक हजार बेने इस्राएल होते, आता देशातले सगळे ज्यू धरून चार-पाच हजार असतील. आमच्या त्या शाळेच्या पटावर पुन्हा निसीम आला नाही.

तर सूनबाई, नाव ठेव. जरूर ठेव. बाळ सातव्या महिन्यात आलं, दीड महिना काचेच्या पेटीत होतं, त्याला याहून योग्य नाव मलाही सुचलं नसतं. पण 'रेअर आहे म्हणून' असं त्याला सांगू नकोस. कोणाचं नाव आहे आणि त्याचा अर्थ काय, ते सांग. आणि विसर्ग देऊ नकोस.

भावोजी, आता बोला. ग्रुपवर नको, इथेच खाली लिहा.