गोठ्यातील कारखाना



मागील महिन्यात खानापूर तालुक्यातील एका घरी जाण्याचा योग आला. घरचा थोरला मुलगा बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रावर काम करतो. बैलजोडी विकल्यापासून घराचा गोठा रिकामा पडला आहे. तेथे सुटीच्या दिवशी मोटारसायकली, आणि पुढेमागे शेजाऱ्यांची एखादी जुनी जीप दुरुस्त करावी, असा त्याचा मनोदय. आई मात्र नाखूष. "फादर, तुम्ही तरी सांगा त्याला. घरात आग आणतोय हा," ती म्हणाली. तिची समजूत घालावी म्हणून मी गोठ्यात गेलो, आणि बाहेर आलो तो तिच्याच पक्षाचा होऊन.

कारण गोठ्याची व स्वयंपाकघराची भिंत एकच. भिंतीत दार, दाराखाली तीन बोटांची फट आणि पलीकडे चूल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता पाण्याप्रमाणे जमिनीलगत सरकते व खळग्यात साचते. उणे ४० अंश तापमानातही पेट्रोल पेट घेण्याजोगी वाफ सोडते. मग आपल्याकडील डिसेंबरातील पहाटेची काय कथा! सुटे भाग धुण्यासाठी ताटलीत ओतलेले थोडेसे पेट्रोल त्या फटीतून चुलीपर्यंत पोहोचण्यास पुरेसे आहे. भाग धुवावयाचे तर डिझेलने धुवावेत, तेही उघड्यावर, विस्तवापासून दूर. तेव्हा या कारखान्याची पहिली खरेदी पाना नव्हे. पहिला खर्च गवंड्याचा. ते दार चिऱ्यांनी बुजवून टाकावे, असे मी सांगितले. गाडीखाली उभे राहण्यासाठी खड्डा खणण्याचा त्याचा बेत होता, तोही मोडून काढला. अशा खड्ड्यात वाफ साचून राहते.

दुसरी गोष्ट हवेची. पावसाळ्यात झड आत येते म्हणून दार ओढून घ्यावे आणि आत इंजिन चालू ठेवावे, हा मोह प्रत्येकास होतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाही, रंग नाही. रक्त त्यास प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. माणसाला प्रथम डोके जड वाटते, मग झोप आल्यासारखे होते, आणि तो उठून बाहेर येईलच असे नाही. खिडकी उघडी आहे एवढ्यावर विसंबू नये. इंजिन चालवावयाचे ते अंगणात, भिजावे लागले तरी.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. तरुणपणी एका जुन्या जीपखाली मी केवळ जॅकच्या भरवशावर शिरलो होतो. सोबतच्या वृद्ध ड्रायव्हरने बडबड करीत काढलेले चाक चौकटीखाली सरकवून ठेवले. काही क्षणांतच जॅक खाली बसला. जीप त्या चाकावर टेकली. माझ्या छातीवर नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. त्यातील तेल रोखणारी वायसर केव्हा दगा देईल हे बाहेरून कळत नाही. उचललेली गाडी लोखंडी स्टँडवर ठेवावी. चिरे, विटा किंवा सिमेंटचे ठोकळे रचू नयेत. ते पूर्वसूचना न देता फुटतात. आणि शेणाने सारवलेल्या जमिनीत जॅकही रुततो, स्टँडही. निदान ४ इंच काँक्रीट, दाराकडे किंचित उतार देऊन, घातलेच पाहिजे.

हत्यारांची हौस मात्र आवरावी. ८, १०, १२, १४ व १७ मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे रिंग पाने असले की मोटारसायकलीचे पुष्कळसे काम भागते. स्क्रू पाना नटाचे कोपरे खातो; तो शेवटचा उपाय. विजेला अर्थिंग हवे, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी स्विच हवा, कारण ओली जमीन आणि हातातील दिवा यांची संगत वाईट. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, म्हणून तीही मोकळ्या जागी ठेवावी. एप्रिल २०२० पासून नव्या दुचाकींना बीएस-६ चे नियम लागू झाले. कार्ब्युरेटरची जागा बहुतेक ठिकाणी संगणकाच्या इशाऱ्यावर पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. तिचा दोष पान्याने सापडत नाही. जुन्या गाड्यांवरच हात बसवावा, हे त्या मुलालाही पटले. असो.

उरला प्रश्न जळक्या ऑइलचा. आपल्याकडे ते वाळवी लागू नये म्हणून खांबांना फासतात, उरलेले परड्यात ओततात. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवावे व अधिकृत गोळा करणाऱ्याच्या हवाली करावे.

दार बुजवून झाल्याचा निरोप परवा आला. आईने कारखान्यास रुकार दिला आहे. पुढील भेटीत मी तो डबा पाहणार आहे. घरची विहीर गोठ्यापासून अवघ्या वीस पावलांवर आहे.